प्रोलॉग नेमकी कोणाची?

प्रश्न : एका पुस्तकात प्रोलॉग ही संगणकभाषा फ्रान्समधील मार्सेलिस येथे जन्मल्याचे लिहिले आहे, तर दुसऱ्यात ती ज्यावर उभी आहे त्या लॉजिक प्रोग्रामिंगचे (तथ्ये आणि नियम तर्काच्या रूपात लिहून संगणकाकडून उत्तर काढण्याच्या पद्धतीचे) श्रेय एडिंबरोच्या कोवाल्स्कींना दिले आहे. खरे काय मानावे?
– संगणकशास्त्राची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : दोन्ही पुस्तकांचे म्हणणे खरे आहे, पण अर्धे. १९६५ मध्ये जॉन ॲलन रॉबिन्सन यांनी ‘रेझोल्यूशन’ हा अनुमानाचा एकच नियम मांडल्यामुळे प्रमेये सिद्ध करण्याचे काम यंत्राच्या आवाक्यात आले. मात्र सिद्धता शोधताना इतक्या वाटा फुटत की यंत्र त्यांतच भरकटे. हा पसारा आवरायचा कसा, याचा अभ्यास रॉबर्ट कोवाल्स्की एडिंबरोत करत होते. मार्सेलिसच्या अलँ कोल्मेरोर यांना मात्र फ्रेंच वाक्ये समजून उत्तरे देणारा संगणक हवा होता. १९७१ च्या उन्हाळ्यात त्यांनी कोवाल्स्कींना बोलावून घेतले आणि १९७२ मध्ये फिलिप रूसेल यांच्यासह प्रोलॉग सिद्ध केली. म्हणून भाषा मार्सेलिसची. पण तर्कातील नियम हा विधान असतो तसाच काम करण्याची रीतही असतो, ही दृष्टी मुख्यतः कोवाल्स्कींची, असे माझे मत आहे. अमेरिकेत कार्ल ह्युइट यांची ‘प्लॅनर’ ही भाषा १९६९ पासूनच जवळपास याच दिशेने चालली होती, हे पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत.

ही दृष्टी उदाहरणाने पाहू. सोलापूरहून कुर्डुवाडीला आणि कुर्डुवाडीहून पंढरपूरला गाडी आहे, ही दोन तथ्ये. पहिला नियम : थेट गाडी असेल तर पोहोचता येते. दुसरा : मधल्या स्थानकापर्यंत पोहोचता येत असेल आणि तिथून पुढे गाडी असेल, तरीही पोहोचता येते. तर्कशास्त्राच्या लेखी नियमांच्या क्रमाला महत्त्व नाही. प्रोलॉग मात्र नियम वरून खाली तपासते. दुसरा नियम आधी लिहिला, तर ‘पोहोचता येते का?’ हे ठरवण्यासाठी ती पुन्हा ‘पोहोचता येते का?’ असेच विचारत राहते आणि पंढरपूर काही येत नाही. क्रम बदलला की उत्तर लगेच मिळते. ‘अल्गोरिदम (काम करण्याची रीत) म्हणजे लॉजिक अधिक कंट्रोल (नियम कोणत्या क्रमाने लावायचे ते)’ हे कोवाल्स्कींचे १९७९ मधील सूत्र नेमके याविषयी आहे.

पुढे १९७७ मध्ये एडिंबरोतच डेव्हिड वॉरन यांनी केलेल्या कंपायलरमुळे (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रणालीमुळे) प्रोलॉगला वेग आला, आणि १९८२ मध्ये जपानने आपला पाचव्या पिढीच्या संगणकांचा राष्ट्रीय प्रकल्प लॉजिक प्रोग्रामिंगच्या पायावर सुरू केला.