बाळाचा पहिला ईस्टर : जागरणाला न्यायचं की नाही?

अगं, शनिवारची रात्र, रविवारची सकाळ, नेटचा फ्रॉक, अंडी लपवायचा खेळ, पुण्याहून येणारे तुझे आईबाबा आणि वसईतलं सगळं सासर, हे सगळं तू सात महिन्यांच्या लेकीच्या एका दिवसात कोंबायला निघालीयेस! माझं मत विचारशील तर लेकीला रविवारी सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला ने. शनिवारच्या जागरणाला, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या चर्चमधल्या विधीला, तुम्हा दोघांपैकी एकानेच जा. आणि नातेवाईक पुढच्या आठवड्यावर वाटून टाक.

ही पळवाट नाही. चर्चच्या कॅलेंडरमध्ये ईस्टरपासूनचे आठही दिवस सणाचेच धरतात, आणि ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत पन्नास दिवस चालतो. २०२६ चा ईस्टर ५ एप्रिलला आहे, म्हणजे २४ मेपर्यंत कुणाकडेही जाऊन हक्काने 'हॅपी ईस्टर' म्हणता येतं. एखाद्या मामेसासूबाई रुसल्याच तर हे कॅलेंडर पुढे कर.

जागरणाला नको का म्हणते, ते सांगते. त्या रात्रीचा विधी वर्षातला सगळ्यात देखणा, पण तो तान्ह्या बाळाच्या सोयीने बेतलेला नाही. बाहेर अग्नी पेटवून त्यावर पास्काची (म्हणजे ईस्टरची) मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, अल्फा-ओमेगा (ग्रीक मुळाक्षरांतलं पहिलं आणि शेवटचं) आणि चालू वर्षाचे आकडे कोरतात, धूपाचे पाच खडे खोचतात. मग अंधारात त्या एका ज्योतीवरून सगळ्यांच्या हातातल्या बारीक मेणबत्त्या पेटत जातात. तुझ्या कडेवर जे पोर आहे, ते या वयात चमकणाऱ्या कुठल्याही वस्तूवर झडप घालणार. शिवाय बाजूच्या बाईचं मेण, धूपाचा धूर आणि गर्दी. त्यात बायबलच्या जुन्या करारातली सातपर्यंत वाचनं असू शकतात. ती संपता संपता बाळाचा डोळा लागतो, आणि नेमकं तेव्हाच 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत सुरू होऊन सगळ्या घंटा एकदम घणघणतात. पुढचा अर्धा तास तू दाराबाहेर असतेस.

तरी जायचंच असेल तर अग्नीपर्यंत थांबा आणि घरी या. अर्धा विधी बघितला म्हणून कुणी हजेरी घेत नाही. मेणबत्ती मात्र नवऱ्याच्या हातात, बाळ तुझ्याकडे. दोन्ही एकाच माणसाकडे नकोत.

रविवारी सकाळी लवकरच्या मिस्साला जा. एप्रिलमध्ये वसईत नऊ वाजता घामाच्या धारा लागतात. आजीने हौसेने आणलेला नेटचा फ्रॉक दहा मिनिटं फोटोपुरता घाल, नंतर सरळ मलमलचं झबलं. डोक्याला घट्ट इलॅस्टिकचा पट्टा तर नकोच नको.

जानेवारीत बाप्तिस्मा झाला म्हणालीस, तेव्हाची मेणबत्ती जपून ठेवली असशीलच. ती पास्काच्या मेणबत्तीवरूनच पेटवलेली असते. रविवारी दुपारी जेवायला बसायच्या आधी तीच घरात लावा आणि धर्मपिता-धर्ममातेला आवर्जून बोलवा. पहिल्या ईस्टरला विकतच्या कुठल्याही सजावटीपेक्षा मला हे जास्त आवडतं, आणि दरवर्षी करता येतं.

आता खाण्याचं नीट वाच. चॉकलेटची अंडी, मार्झिपॅन, साखरेच्या गोळ्या यातलं काहीही तिला नको. छोट्या कडक गोळ्या घशात अडकतात, त्या बाळाच्या हाताला लागतील अशा बशीत ठेवूच नका. मध तर वर्षाच्या आत अजिबात द्यायचा नाही, त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आपल्याकडे दोन्ही घरच्या आज्यांना मधाचं बोट चाटवायची भारी हौस असते, म्हणून त्यांना आदल्या दिवशीच सांग, आणि डॉक्टरांचं नाव पुढे करून सांग. नीट शिजवलेलं अंडं या वयात चालतं, पण ते पहिल्यांदा सणाच्या दिवशी देऊ नकोस. आधीच एखाद्या साध्या दिवशी सकाळी थोडं देऊन बघ, म्हणजे अंगावर पुरळ वगैरे उठलं तर लगेच कळेल आणि दवाखानाही उघडा असेल.

अंडी लपवायचा खेळ पुढच्या वर्षी. यंदा घरातल्या मोठ्या पोरांना अंडी रंगवायला बसव. कांद्याची सालं आणि चमचाभर व्हिनेगर घालून उकडली की तांबूस रंग येतो, हळदीत पिवळा. लेक ती नुसती बघेल, तेवढं पुरे.

तुझ्या आईबाबांना मिस्साला यायचंय हे फार छान. त्यांना एवढंच सांगून ठेव : सगळे उभे राहिले की उभं राहायचं, आणि कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर देण्याच्या वेळी रांगेत न जाता जागेवर बसून राहायचं. ऐन वेळी त्यांची चुळबुळ व्हायला नको. ते शाकाहारी असतील तर सासूबाईंच्या कानावर आठवडाभर आधी घाल. ईस्टरच्या दिवशी वसईत बहुतेक पातेल्यांत मटणच शिजत असतं.

गुड फ्रायडेच्या उपवासाचंही विचारलंयस. तू अंगावर पाजतेस, तुला उपवासातून सूट आहे. कुणी टोमणा मारलाच तर फादरांना विचारा म्हणावं. हॉट क्रॉस बन खा आणि पाणी भरपूर पी.

पुण्याहून निघताना शुक्रवारी पहाटे निघा, आणि शक्यतो ट्रेननेच. सुट्टीच्या दिवशी घोडबंदर रोडला अडकलात तर गाडीत बाळ रडून रडून लाल होईल. परतीला रविवारची संध्याकाळ टाळून सोमवारची दुपार धरा, म्हणजे जवळचे दोन-चार नातेवाईक त्या सकाळी उरकतील, बाकीचे नंतर.