हार्मोन चालू असताना पुन्हा अंगावरून जातंय, आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ५४, पाळी जाऊन चार वर्षं. झोप आणि घामाच्या त्रासासाठी दहा महिन्यांपासून इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी. सातव्या महिन्यापासून मधूनमधून डाग, दोनदा चांगलं पॅड लागेल इतकं. सोनोग्राफीत अस्तर ३.५ मिलिमीटर, क्युरेटिंगचा रिपोर्ट नॉर्मल, डॉक्टर म्हणतात थांबून बघू. नणंद म्हणते सगळं बंद कर, जाऊ म्हणते पिशवीच काढून टाक. त्यात दीड महिन्यावर मुलीकडे कॅनडाला जायचंय. मी याच वाटेने एकोणीस महिने चाललेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. पण या काळात खूप वाचलं, तीन डॉक्टरांना खूप प्रश्न विचारले, ते सगळं तुमच्या उपयोगी पडावं एवढीच इच्छा.

आधी ‘नॉर्मल’ या शब्दाबद्दल. पाळी गेलेल्या बाईचं पिशवीचं अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर तिला पिशवीचा कॅन्सर असण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. तुमचं ३.५ आहे आणि क्युरेटिंगमध्ये काढलेल्या अस्तराच्या तुकड्याचा रिपोर्टही चांगला आहे, तेव्हा आज रात्री शांत झोपायला हरकत नाही. ज्यांचं अंगावरून जातं अशा पाळी गेलेल्या बायकांत साधारण दहापैकी एकीत कॅन्सर निघतो, बाकी नऊजणींचं कारण दुसरंच असतं. आणि हार्मोन घेत असताना येणाऱ्या रक्तस्रावात ते प्रमाण आणखी कमी असतं. पण याची दुसरी बाजूही आहे. पिशवीचा कॅन्सर झालेल्या दहापैकी नऊ बायकांना पहिली खूण दिसते ती हीच, अंगावरून जाण्याची. म्हणून ‘या वयात होतंच’ हे वाक्य कुणीही म्हटलं तरी स्वीकारू नका. मला ते एका डॉक्टरांनी म्हटलं होतं आणि त्यावर विसंबून मी तीन महिने गप्प बसले. ते तीन महिने मला अजून सलतात.

तर नॉर्मल रिपोर्ट म्हणजे ‘त्या दिवशी, त्या तपासणीत, वाईट काही दिसलं नाही’. रक्त पुन्हा आलं की प्रश्न पुन्हा उघडतो.

तुमच्या बाबतीत मला एक गोष्ट खटकली. तुमचं क्युरेटिंग झालं, पण दुर्बिणीने आत पाहिल्याचं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. नुसतं क्युरेटिंग म्हणजे न बघता आतून खरवडून घेणं. अस्तर सगळीकडे सारखं बदललेलं असेल तर ते सापडतं. पण एखाद्या कोपऱ्यात देठावर लोंबणारा छोटा पॉलिप, म्हणजे अस्तराचा मऊ कोंब, असेल तर चमचा त्याच्या शेजारून निघून जातो. पॉलिप साध्या सोनोग्राफीतही निसटू शकतो. म्हणून रक्त थांबत नसेल तर हिस्टेरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी, किंवा पिशवीत सलाइन सोडून केलेली सोनोग्राफी याबद्दल डॉक्टरांना सरळ विचारा. त्यांनी केली नाही याचा अर्थ ते चुकले असा नाही. पहिल्या फेरीत बरेचजण इथवरच थांबतात. पण तुमची आता दुसरी फेरी आहे.

पिशवीचं तोंडही पाहून घ्या. शेवटची पॅप तपासणी, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन केलेली तपासणी, कधी झाली? आपल्याकडे गर्भाशयमुखाचा कॅन्सर काही दुर्मिळ नाही, आणि सगळं लक्ष अस्तराच्या जाडीवर गेलं की ते तोंड बघायचं राहून जातं. रक्त नक्की कुठून येतं हाही प्रश्न साधा वाटतो, पण नाही. लघवीच्या जागेवरची छोटी लाल गाठ, मूळव्याध, योनीची कोरडी पडून चिरलेली त्वचा, यांतून आलेला डागही चड्डीवर तसाच दिसतो. मला पहिल्याच भेटीत लघवीची तपासणी करायला लावली तेव्हा मी मनात चिडले होते. आता कळतं, डॉक्टरबाई नीट विचार करत होत्या.

आता हे होतं कशाने. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवरून धरतं. अमेरिकेत १९७५ साली दाखवून दिलं गेलं की पिशवी असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर अस्तराचा कॅन्सर वाढतो. तेव्हापासून पिशवी असेल तर दोन्ही हार्मोन सोबत, हा नियम झाला. दोन्ही रोज घेणाऱ्या बाईचं अस्तर हळूहळू पातळ होत जातं. पहिले तीन ते सहा महिने मधूनच डाग पडणं हे अपेक्षितच असतं. डोस बदलला तरी पुढचे तीनेक महिने तसंच. त्यापुढे चालू राहिलं, किंवा सगळं थांबून पुन्हा सुरू झालं, तर शोध घ्यायचा. तुमचं सातव्या महिन्यात सुरू झालं, म्हणून तपासण्या केल्यात ते अगदी योग्यच केलंत.

शोध घेऊनही काही मिळालं नाही तर? मला हे कळायला सर्वांत जास्त वेळ लागला. पातळ अस्तरसुद्धा गळतं. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि काही कारण न देता फुटतात. माझी दुर्बीण झाली तेव्हा आत काहीही नव्हतं. तुकड्याच्या रिपोर्टवर ‘अट्रॉफिक’, म्हणजे सुकलेलं अस्तर. मी विचारलं, मग रक्त येतं कुठून? डॉक्टर म्हणाल्या, ‘नेमकं बोट ठेवून मी नाही सांगू शकत. पण काय नाहीये ते मी आता खात्रीने सांगू शकते.’ त्या प्रामाणिकपणाने मला जेवढा धीर दिला तेवढा एकाही रिपोर्टने दिला नव्हता.

त्यानंतर आम्ही औषधं हलवून पाहिली. जेलचा एक पंप कमी केला, रात्रीची गोळी १०० वरून २०० मिलिग्रॅम केली. इस्ट्रोजेनच्या मानाने प्रोजेस्टेरॉन कमी पडत असेल तर असा रक्तस्राव होतो, म्हणून हा पहिला बदल. तोही पुरला नसता तर पुढचा पर्याय होता मिरेना, म्हणजे पिशवीत बसवायची हार्मोनची टी, जी अस्तरावर थेट काम करते. अर्थात ती बसवल्यावरही सुरुवातीचे काही महिने डाग पडतातच, हे आधी माहीत असलेलं बरं. माझं गोळी वाढवल्यावर कमी झालं. पुढच्या वर्षात दोनदा डाग पडले, मग थांबलं. कारण मला आजतागायत कळलेलं नाही.

एक मात्र सापडलं, आणि ते सापडलं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर. डाग पडला की लाल पेनाने ठिपका, पॅड लागलं तर फुली, गोळी चुकली तर तारखेला गोल. चार महिन्यांनी पानं उलटली तर तीनपैकी दोन वेळा गोल आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत फुली. दोन्ही वेळा मी लेकीकडे नाशिकला होते, नातवाच्या नादात रात्रीची गोळी राहिलेली. तिसऱ्या वेळी मात्र एकही गोळी चुकलेली नव्हती. म्हणजे सगळं काही गोळीवर ढकलता येत नाही, पण दोन फुल्यांचा उलगडा झाला हेही कमी नाही. तुम्ही आजपासून लिहायला लागा. दुसरी औषधंही लिहा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिट्सची कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइन, टीबीची रिफॅम्पिसिन, यांचा थेट संबंध असतो. शेवटच्या तिन्ही इस्ट्रोजेन शरीरातून लवकर संपवतात. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन घेतलेलं असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगायचं, कारण त्याने अस्तराचा धोका वाढतो. वजन जास्त, मधुमेह, तरुणपणी पीसीओडी, घरात पिशवीचा किंवा आतड्याचा कॅन्सर, हेही न विचारता सांगा.

नणंदेच्या सल्ल्याबद्दल. डॉक्टरांशी बोलून हार्मोन थांबवून पाहणं हा खरोखर एक पर्याय आहे. बऱ्याचजणींचं काही आठवड्यांत रक्त थांबतं, आणि नाही थांबलं तर तीही महत्त्वाची माहितीच, कारण मग दोष औषधावर टाकता येत नाही. पण मनाने अर्धवट बंद करू नका. सर्वांत वाईट म्हणजे ‘गोळीने गरगरतं’ म्हणून रात्रीची गोळी सोडायची आणि जेल चालू ठेवायचं. माझ्या ओळखीतल्या दोघींनी हे केलं होतं. मग अस्तराला आवरायला कुणीच उरत नाही. गरगरत असेल तर गोळी अगदी झोपताना घ्या, तरी जमेना तर डॉक्टरांकडून बदलून घ्या. आणि तपासणीच्या आधी रक्त थांबवायची ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडची गोळी मेडिकलमधून आणून घेत राहू नका. रक्त थांबतं, पण ते येण्याचं मूळ कारण तिथेच राहतं.

जावेच्या सल्ल्याबद्दल मात्र मला जरा रागच येतो, तिच्यावर नव्हे, आपल्याकडच्या सवयीवर. पिशवी म्हणजे काम झालं की फेकायची वस्तू, असं इतक्या सहज बोललं जातं. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या ते सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. पिशवी काढायची वेळ काहींवर खरोखर येते. तुकड्यात हायपरप्लेझिया, म्हणजे अस्तराची जास्तीची वाढ, आणि त्यात अटिपिया, म्हणजे पेशींचं रूप बिघडलेलं, असं निघालं तर डॉक्टर स्वतःच सांगतील, आणि तेव्हा मागेपुढे पाहू नये. अटिपिया नसेल तर हायपरप्लेझिया बहुधा प्रोजेस्टेरॉनने मागे फिरतो. वीस वर्षांत त्याचा कॅन्सर होण्याचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आहे. पण नॉर्मल रिपोर्ट आणि पातळ अस्तर हातात असताना, नुसत्या भीतीपोटी मोठं ऑपरेशन? माझं मत विचाराल तर नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंत, ‘याच्यासोबत जगायचं कसं?’ मी सांगते मला काय झालं ते. बाथरूमला गेलं की आधी बघायचं, दर वेळी. फिकट साड्या कपाटात मागे गेल्या. नवऱ्याने जवळ घेतलं की अंग आखडायचं, कारण नंतर डाग दिसेल का ही धास्ती. चार वर्षांपूर्वी पॅडचा उरलेला पुडा भाचीला देऊन टाकला होता, तो पुन्हा विकत आणताना दुकानात डोळे भरून आले. आणि गौरींच्या जेवणाच्या दिवशी सकाळीच डाग. सोवळ्यातला स्वयंपाक अर्ध्यावर, सोळा भाज्या चिरून ठेवलेल्या. हा विटाळ म्हणायचा की आजार? मी पदराने घाम पुसत उभी. सासूबाई ८४ वर्षांच्या, त्यांच्यासमोर बोलायची हिंमत नव्हती, पण त्यांनी चेहऱ्यावरून ओळखलं. सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, ‘मलाही अठ्ठावन्नाव्या वर्षी वर्षभर जात होतं. कुणाला सांगणार होते मी?’ आणि पुरणाचं पातेलं माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, ‘वाट पुरण.’ एक पूर्ण वर्ष त्या एकट्या घाबरत राहिल्या असतील, शेजारच्या खोलीत. त्या दिवसापासून मी घरात कुणापासून लपवलं नाही.

लपवण्याची किंमत काय असते ते माझ्या मावसबहिणीकडे पाहिलं. आठ महिने तिने कुणाला सांगितलं नाही. तिचा निघाला कॅन्सरच, पण पिशवीच्या आतच होता. ऑपरेशन झालं, सहा वर्षं झाली, ठणठणीत आहे. एवढ्या उशिरानेही ती वाचली, कारण हा कॅन्सर लवकर रक्ताची खूण देतो आणि पिशवीबाहेर गेला नसेल तर ९० टक्क्यांहून जास्त बायका पाच वर्षांनंतरही सुखरूप असतात. तिच्यासारखं नशिबावर सोडू नका एवढंच.

तासाला एक पॅड भिजेल इतकं जायला लागलं, चक्कर आली, ताप किंवा घाण वास आला, तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी जायचं. हिमोग्लोबिन एकदा करून घ्या. थोडं थोडं रक्तही महिनोनमहिने गेलं की माणूस पांढरं पडतं, आणि आपण थकव्याला वय म्हणत राहतो.

आता कॅनडा. माझ्या मते दुर्बिणीचा विषय जाण्याआधी मार्गी लावा, दीड महिना त्याला पुरेसा आहे. ती करून त्याच दिवशी घरी सोडतात, तुकड्याचा रिपोर्ट साधारण आठवड्या-दीड आठवड्यात येतो. सोनोग्राफीचा रिपोर्ट, क्युरेटिंगचा रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी यांच्या प्रती बरोबर ठेवा. लॅबकडे मागितलं तर तुकड्याच्या काचपट्ट्या आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, हेही मिळतात, ते घरी कुणाकडे तरी जपून ठेवायला द्या. प्रवासाचा विमा काढताना हा त्रास लपवू नका, नाहीतर नेमक्या वेळी दावा अडतो. पूर्ण मुक्कामाचं जेल आणि गोळ्या इथूनच न्या, मूळ खोक्यांत, चिठ्ठीसकट. आणि रात्रीची गोळी पोहोचल्या दिवसापासून तिथल्या रात्रीप्रमाणे कशी लावायची ते डॉक्टरांना निघण्याआधी विचारून घ्या, कारण माझे दोन्ही गोल प्रवासातलेच होते. दुर्बिणीचं काय ठरलं ते इथे नक्की कळवा, मी वाट बघतेय.