कॉटनवुडचा कापूस खाणाऱ्या कार्पसाठी फ्लाय कसा बांधावा आणि कसा टाकावा?

तुम्ही लिहिलंय की डेन्व्हरला साउथ प्लॅट नदीच्या काठी जूनमध्ये कार्प पाण्यावर तरंगणारा कॉटनवुडचा (पॉपलरच्या जातीचं झाड) पांढरा कापूस खाताना दिसतात. पांढऱ्या माराबूचा (मऊ, फुललेलं पीस) गुबगुबीत फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेलं खोटं आमिष, पुढे टाकला की मात्र जवळ येऊन परत फिरतात. दोष माशाचा नाही, फ्लायच्या आकाराचा आहे. तुम्ही हवेत उडणारी म्हातारी बांधली. मासा खातो ती भिजलेली म्हातारी.

काठावर बसून पाच मिनिटं नुसतं पाणी बघा. आपल्याकडे रुईची म्हातारी उडते तसाच कॉटनवुडचा कापूस पाण्यावर उतरतो. सुरुवातीला त्याच्यावरच्या मेणचट थरामुळे तो कोरडा, गोल, उंच राहतो आणि वाऱ्याबरोबर घसरत जातो. धूळ आणि ओल धरली की बसतो. मग दिसतो तो रुपयाएवढा चपटा, कडेला विस्कटलेला ठिपका आणि त्याच्या पोटाशी दोन-तीन मिलिमीटरचं तपकिरी बी. कार्प संथपणे वर येऊन हेच ओठांनी ओढून घेतो. त्यात अडकलेले बारीक किडेही तोंडात जातात. खालून बघणाऱ्या माशाला उंची दिसतच नाही. पाण्याला टेकलेला चपटा डाग आणि मधला काळसर ठिपका एवढंच त्याला दिसतं, म्हणून तेवढंच नीट जमवायचं.

सामान मी असं घेते: १० नंबरचा आखूड दांडीचा, जाड तारेचा गळ. पाकिटावर '२ एक्स स्ट्राँग' लिहिलेलं बघून घ्या. ट्राउटच्या ड्राय फ्लायचे नाजूक गळ तीन-चार किलोचा कार्प सरळ करून टाकतो. पांढरा १४० डेनिअरचा धागा, २ मिलिमीटर जाडीचा पांढरा फोम, पांढरं पॉली यार्न (पाण्यावर तरंगणारं कृत्रिम सूत), पांढऱ्या सीडीसीची दोन पिसं (बदकाच्या शेपटीजवळच्या तेलग्रंथीभोवतीची) आणि चिमूटभर तपकिरी डबिंग (धाग्यावर पिळून लावायचे मऊ तंतू). माराबू नको, पाणी पिऊन दोन टाकण्यांत बुडतं.

बांधायचा क्रम:

१. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. डोळ्यामागून वाकापर्यंत धागा गुंडाळा आणि त्यावर सुपरग्लूचा एक थेंब द्या. हा थर नसेल तर पुढचं सगळं दांडीभोवती फिरतं.

२. वाकाच्या तोंडाशी तपकिरी डबिंगची मोहरीपेक्षा थोडी मोठी गोळी करा. हे बी. मोठी झाली तर गळाचं तोंड अडतं.

३. फोमची ३ मिलिमीटर रुंद, ८ मिलिमीटर लांब पट्टी गोळीच्या पुढे दांडीवर बसवा. पहिले दोन फेरे सैल, मग दोन घट्ट. सुरुवातीलाच आवळलात तर धागा फोम कापतो आणि त्यातली हवा दबते, म्हणजे फोम घातल्याचा उपयोगच संपला. पट्टी मागून पुढे दुमडून पुन्हा बांधा. दांडीवर छोटा उंचवटा राहिला पाहिजे.

४. पॉली यार्नचा २ सेंटिमीटरचा तुकडा अर्धा चिरून, फोमच्या पुढे दांडीला आडवा ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फेरे देऊन बांधा. जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजू विंचरल्या की चपटा पंखा तयार होतो. फ्लायला पाण्यावर धरून ठेवतो तो हाच.

५. सीडीसीचे तंतू दांड्यापासून सोडवा, धागा चिरून त्यात अडकवा, पीळ द्या आणि डोळ्यापर्यंत तीन-चार फेरे घ्या. प्रत्येक फेऱ्याला तंतू वर सारा. गाठ मारा.

आता कातरणी, आणि बहुतेक फ्लाय इथेच बिघडतात. खालची बाजू दांडीला समांतर, अगदी सपाट कापा. टोक आणि दांडी यांच्यातल्या फटीत एकही तंतू नको. तिथे कापूस राहिला तर मासा फ्लाय तोंडात घेतो, तुम्ही ओढता आणि गळ ओठावरून घसरून येतो. वर ५ आणि बाजूंना ७-८ मिलिमीटर ठेवा. वरचा भाग कात्रीने कापू नका. नखांच्या चिमटीत धरून तोडा, म्हणजे कड विस्कटलेली राहते. हजार ठिपक्यांत आपला कुठला हे कळावं म्हणून वरच्या बाजूला नारिंगी यार्नचे चार तंतू घाला. खालून ते दिसत नाहीत.

घरीच वाटीभर पाण्यात टाकून बघा. बी पाण्याला टेकलेलं, टोक खाली, फ्लाय सपाट हवा. कलंडला तर एका बाजूचं यार्न जास्त आहे. बोटाने चार-पाच वेळा बुडवा. दर वेळी वर आला तर जमला.

घरी सावरीच्या कापसाची जुनी उशी असेल तर पॉली यार्नवर त्याची चिमूट डबिंग म्हणून लावून बघा. हा तंतू पाणी धरत नाही. याच गुणामुळे पांढऱ्या सावरीचा कापूस, म्हणजे कपोक, पूर्वी लाइफ जॅकेटांत भरत.

टाकण्यासाठी ९ फुटी, ६ किंवा ७ वेटचा (दोरीच्या वजनाचा क्रमांक) रॉड आणि साडेनऊ-दहा फुटांचा लीडर (मुख्य दोरीच्या पुढचा बारीक होत जाणारा दोरा) पुरतो. टोकाचं तंगूस नायलॉनचंच घ्या, २ एक्स जाडीचं. फ्लुरोकार्बन जड असतं आणि फ्लायचं नाक खाली ओढतं. सीडीसीला फ्लाय तरंगवायचं जेल मुळीच लावू नका, तंतू चिकटून लगदा होतो. कोरडी सिलिका पावडर वापरा.

जागा शोधताना कापूस कुठे साचतो ते बघा: नदीवरच्या छोट्या बंधाऱ्यांखालचे भोवरे, वळणाची आतली बाजू, आणि चॅटफील्डसारख्या जलाशयात वारा ज्या काठाला लागतो तो काठ. जाड थराच्या मधोमध टाकू नका. तिथे तुमचा फ्लाय कुणाला दिसणार? थराच्या कडेला, सुटे ठिपके तरंगत असतात तिथे वर येणारा एकच मासा निवडा. माझं मत सकाळकडे झुकतं. दुपारच्या उन्हा-वाऱ्यात सुटलेला कापूस रात्रभरात ओला होऊन बसलेला असतो आणि पाणीही शांत असतं.

मासा कुठे चाललाय ते ठरवा आणि त्याच्या वाटेवर दीड-दोन फूट पुढे, थोडं पलीकडे फ्लाय टाका. दोरी हळूच ओढून वाटेवर आणा आणि तिथून हात हलवू नका. फ्लाय पाण्यावर रेघ ओढत गेला की मासा संपला. डोक्यावर टाकलात तरी संपला. कार्पला पाण्यातला हादरा फार चटकन कळतो.

तोंड उघडलेलं दिसताच ओढायची घाई होते, तिथेच मासे सुटतात. कार्प आधी पाण्यासकट ओढून घेतो. तोंड मिटून डोकं खाली वळेपर्यंत थांबा, मग रॉड ठामपणे उचला. पण तिथून पुढे थांबायचं नाही: नको ते तो तोंडातल्या तोंडात निवडून लगेच थुंकतो.

एक त्रास कुणी सांगत नाही: खरा कापूस लीडरच्या गाठीवर आणि गळाच्या टोकावर अडकतो. सलग निमुळता लीडर वापरा म्हणजे गाठी कमी, आणि दर दोन-तीन टाकण्यांनंतर टोक बोटाने पुसा. मासा मिळाल्यावर चिकटा धुऊन, फडक्यात दाबून, पावडर लावल्याशिवाय तोच फ्लाय पुन्हा तरंगणार नाही. खिशात सहा तरी ठेवा. शिवाय जखमी कार्पच्या कातडीतून सुटणारा स्राव बाकीच्यांना सावध करतो, त्यामुळे एक मासा लागला की पन्नास पावलं पुढे जाऊन नवा कळप शोधा.

वय १६ किंवा जास्त असेल तर कोलोरॅडोचा परवाना लागतो. तळ्यांतला ग्रास कार्प, आपला गवत्या, हाही कापूस खातो, पण तो नेहमीच्या कार्पपेक्षा (सायप्रनस) कितीतरी भित्रा. त्याच्यासाठी लीडर १२ फुटांचा करा, फ्लाय एक नंबर लहान घ्या आणि गुडघे टेकूनच टाका.