किडनीच्या संशोधनात उतरताय? आधी क्रिएटिनिन नीट मोजा

आंध्रातल्या उद्दानमसारख्या भागात मधुमेह-रक्तदाब नसलेल्या शेतमजुरांच्या किडन्या का निकामी होतात, असा प्रश्न हाती घेतला असेल, तर पाणी, कीटकनाशकं, उष्णता यांच्या मागे लागण्याआधी मोजमाप पक्कं करा. बहुतेक अभ्यास इथेच गडगडतात.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा, किडनीने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ. ४५ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.४ मिग्रॅ/डेसिलिटर आलं, तर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने (वय, लिंग आणि क्रिएटिनिनवरून काढायचं गणित) ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, साधारण ६३ येतो, १.५ आलं की ५८; आणि ६० च्या खाली गेलं की बिघाड धरतात. म्हणजे ०.१ च्या फरकाने निरोगी माणूस रुग्णांच्या यादीत जातो! म्हणून जाफे पद्धत (रंगावरून क्रिएटिनिन मोजणारी जुनी रासायनिक चाचणी) टाळा, त्यात ग्लुकोज आणि कीटोन्सही रंग देतात. एन्झाइमॅटिक पद्धत (एन्झाइम वापरून फक्त क्रिएटिनिन मोजणारी) आणि आयडीएमएस या अचूक संदर्भ-पद्धतीशी जुळवलेलं कॅलिब्रेशन असलेलीच लॅब निवडा. अंगावर मांस नसलेल्या मजुरांत क्रिएटिनिन मुळातच कमी असतं, किडनी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. परवडलं तर निदान काही नमुन्यांत सिस्टॅटिन-सी (स्नायूंवर फारसं अवलंबून नसलेलं, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं प्रथिन) कराच.

रक्त सकाळी, कामावर जाण्याआधी घ्या. उन्हात राबून, आदल्या रात्री मटण खाऊन आलेल्याचा आकडा फसवा असतो.

लघवी सकाळची पहिली. अल्ब्युमिन (किडनी बिघडली की लघवीत गळणारं प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर ३० मिग्रॅ/ग्रॅम किंवा जास्त आलं, तर पुन्हा तपासा. नमुने साठवायचे तर उणे ८० अंशांवर. उणे २० ला अल्ब्युमिन हळूहळू घटतं.

आणि एका तपासणीवर सीकेडी (किडनीचा दीर्घकालीन आजार) लिहू नका. बिघाड ३ महिन्यांहून जास्त टिकला पाहिजे. दुसऱ्या फेरीचा खर्च पहिल्याच प्रस्तावात मागा, नंतर कोणी देत नाही.