हलका व्यायाम, गुडघे आणि विसरलेली नावं

प्रश्न : माझे सासरे ७३ वर्षांचे आहेत. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, गुडघे दुखतात. वर्षभरात त्यांना नावं पटकन आठवेनाशी झाली आहेत. ते रोज खुर्चीत बसून हातपाय हलवतात. एवढ्याने मेंदूला काही फरक पडतो का, की त्यांना पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला नेऊ?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : पायऱ्या नकोतच. चढताना दम लागतो आणि गुडघ्यांवर भारही येतो, उतरताना तो आणखी वाढतो.

बसल्या बसल्या हातपाय हलवल्याने सांधे मोकळे राहतात. मेंदूसाठी मात्र श्वास थोडा वाढायला हवा. अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून ३ दिवस, हळूहळू वाढवत ४० मिनिटं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवायला मदत करणारा मेंदूचा भाग, वर्षभरात सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांचा तो किंचित घटला. गंमत अशी, की स्मरणाच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले. म्हणून सासऱ्यांचे सध्याचे व्यायाम वाया जात नाहीत. त्यांना चालण्याची जोड द्या.

सुरुवात सपाट रस्त्यावर किंवा जॉगिंग ट्रॅकवर, सकाळ-संध्याकाळ १०-१० मिनिटं. दर आठवड्याला प्रत्येक वेळचं २ मिनिटांनी वाढवा. दिवसाचं ३० मिनिटांपर्यंत आलं की पुरे. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका. पायात चप्पल नको, मागून बंद असलेले बूट हवेत. चालून आल्यावर दुखणं दोन तासांपेक्षा जास्त रेंगाळलं, तर दुसऱ्या दिवशी वेळ कमी करा. पूर्ण बंद करू नका.

आठवड्यातून निदान ३ दिवस घरी उठबस. हात असलेली, गुडघ्याच्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकते. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, नाक पंजांच्या वर येईल इतकं पुढे झुकून, श्वास सोडत उठायचं आणि सावकाश बसायचं. ५ वेळा, थोडं थांबून पुन्हा ५ वेळा. बहुतेक जण बसताना धप्पकन पडतात, तिथेच अर्धा फायदा जातो आणि कंबर धरते. मग स्वयंपाकघराच्या ओट्याला हात लावून १० वेळा टाचा उचलायच्या, आणि एका पावलापुढे दुसरं ठेवून १० सेकंद उभं राहायचं, पाय बदलून पुन्हा. हा तोल सांभाळण्याचा भाग लोक हटकून गाळतात. पण पडण्याच्या धास्तीने माणूस घराबाहेर पडेनासा होतो आणि चालणं तिथेच संपतं.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी पाठवू नका आणि खिशात साखर राहू द्या. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठायचं.

नावांबद्दल. नाव थोड्या वेळाने आठवत असेल तर फार घाबरू नका. रोजच्या रस्त्यावर गोंधळणं, पैशांचा हिशेब चुकणं, तोच प्रश्न पुन:पुन्हा विचारणं यांपैकी काही असेल, तर वाट न पाहता तपासणी करा. जीवनसत्त्व बी-१२, थायरॉइड, ऐकू नीट येतं का आणि झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, हे आधी पाहावं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं, आणि ती कमतरता भरून काढता येते. चालण्याने ती भरत नाही.

प्रश्न : डिसेंबरमध्ये बाबा पहाटे ५ वाजता कृषीनगरच्या ट्रॅकवर जातात. चालेल का?
– एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : ऊन आल्यावर, ८ नंतर जाऊ द्या. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि अंधारात खड्डाही दिसत नाही. उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून मगच उभं राहायला सांगा. पहाटेचीच सवय असेल तर तेवढ्या वेळात घरी उठबस करून घ्यावी. ट्रॅकवरचे सोबतीही नऊला तिथेच गप्पा मारत असतात.