कोन पडला, पैसे कुणाचे?

उन्हाळा लागला की या सदराकडे येणारी पत्रं थंडगार पदार्थांकडे वळतात. या खेपेला पाच पत्रं एकाच गोष्टीवर निघाली: लेकराच्या हातून खाली पडलेला खाऊ दुकानदाराने बदलून द्यावा की नाही. जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा हातातली सॉफ्टी दोन-तीन मिनिटांत ओघळायला लागते. त्यामुळे प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

माझं सॉफ्टी-आइस्क्रीमचं लहान दुकान आहे. रोज दोन-तीन पोरांच्या हातून कोन पडतो. आई-बाप म्हणतात, "दी टाक ना भो दुसरा, पोऱ्या रडी ऱ्हायना." दिला तर रोजचंच होतं, नाही दिला तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जातं. कायदा काय सांगतो? आणि हे परवडतं का? — एक दुकानदार, चाळीसगाव

कायद्याचं आधी उरकून घेऊ. मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 26 चा साधा अर्थ असा: वेगळं काही ठरलेलं नसेल तर मालाची मालकी घेणाऱ्याकडे जाईपर्यंत नुकसानीची जोखीम विकणाऱ्याची, गेल्यावर घेणाऱ्याची. कोन तुमच्या हातून सुटून गिऱ्हाइकाच्या पकडीत बसायच्या आधीच पडला, तर दुसरा देणं तुमच्याकडे लागतं, त्यात उपकार कसला. नीट हातात आला, पोर चार पावलं चाललं आणि मग पडला, तर तुमच्यावर बंधन नाही. तिसरा प्रकार मात्र दुकानदार सोयीने विसरतात. कोन मुळात तडकलेला होता, बुडाशी मऊ पडला होता, किंवा गोळा नुसता वर टेकवला होता. तो सदोष माल झाला, मग तो कुठेही पडो.

आता परवडण्याचं. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे विक्रीची किंमत असते, म्हणून आकडा मोठा दिसतो. समजा सॉफ्टी 30 रुपयांना विकता आणि मिक्स, कोन, कागद धरून ती तुम्हाला 11 रुपयांना पडते. दिवसाला 120 विकल्या आणि तीन बदलून दिल्या, तर गेले 33 रुपये, 90 नव्हेत. 3600 रुपयांच्या विक्रीवर हे शेकडा एक रुपयाच्याही आत आहे. तीन कोन जास्त गेले म्हणून दुकानाचं भाडं किंवा पोराचा पगार वाढत नाही. हाच हिशेब 150 रुपयांच्या सुकामेवा घातलेल्या ग्लासला लावू नका. तिथे नुसत्या मालाचेच 60-70 रुपये जातात. अशा वेळी साधा एक गोळा कपात घालून द्यावा, बहुतेक पोरं तेवढ्यावर गप्प होतात.

बदलून द्यावा, असंच आमचं मत आहे. पण त्या दिवशीचा मूड बघून नको, नियम ठरवून. पडलेला कोन समोर दिसला पाहिजे, त्यात निम्म्याहून जास्त माल उरलेला असावा, पोर साधारण आठ वर्षांच्या आतलं असावं आणि एका फेरीत एकदाच. काउंटरवरच्या पोराला हा अधिकार देऊन ठेवा. गल्ल्यावर बसलेल्या शेठला विचारायला तो गेला की चार माणसं तमाशा बघत उभी राहतात आणि फुकट देऊनही नाव खराब होतं. त्याच्या पगारातून हे पैसे कापू नका, नाहीतर तो पुढच्या वेळी पडलेला कोन "मी पाहिलाच नाही" म्हणेल. आणि भिंतीवर पाटी लावू नका. पाटी लागली की सवलतीचा हक्क होतो आणि अर्धा खाल्लेला कोन मुद्दाम सोडणारेही भेटतात.

खरं काम पुढेच आहे. रोज दोन-तीन कोन पडत असतील तर दोष निम्मा तुमच्या हाताचा असू शकतो. दोन आठवडे एका वहीत लिहा: किती वाजता, कोणता पदार्थ, कुणाच्या हातून, काउंटरपासून किती पावलांवर. बहुतेक कोन पहिल्या तीन पावलांत पडत असतील, तर गडबड देण्याघेण्यात आहे. एका हाताने सुट्टे पैसे आणि दुसऱ्या हाताने कोन, हे सगळ्यांत वाईट. आधी पैसे चुकते करा, मग कोनाला कागद गुंडाळा आणि तो मोठ्या माणसाच्या हातात द्या, पोराच्या नको. काउंटर छातीइतका उंच असेल तर पोर टाचा वर करून कोनाची कड पकडतं, बूड नाही, आणि कड मोडते.

पावलं जास्त पडल्यावर कोन जात असेल तर बसवण्याकडे बघा. उणे 18 अंशांच्या फ्रीझरमधून थेट काढलेला गोळा दगडासारखा असतो, तो कोनाला चिकटतच नाही. स्कूपने काढायचा टब उणे 12 ते उणे 14 च्या आसपास ठेवावा. वीज गेली आणि टब त्याहून मऊ झाला की उलटं होतं, गोळा घसरतो. म्हणून साधा प्रोब थर्मामीटर जवळ असू द्या. स्कूप पाण्यातून काढल्यावर झटकायचा राहिला तर गोळ्याखाली पाण्याचा पातळ बर्फ होतो आणि गोळा त्यावरून सरकतो. आधी बोटाच्या पेराएवढं आइस्क्रीम कोनाच्या आत दाबा, मग त्यावर गोळा ठेवून पाव वळसा देत हलकेच बसवा. गोळा कोनाच्या तोंडापेक्षा किंचित रुंद हवा, म्हणजे कडेवर टेकतो. सॉफ्टी भरताना नळी आधी कोनाच्या आत घालून पोकळी भरा. नुसती वरून वेटोळी चढवली तर ती टोपीसारखी अख्खी निघते. लहान पोराला दोनच वेटोळी पुरे, तिसरं वेटोळं म्हणजे फरशीचा वाटा.

पावसाळ्यात उघड्या पुडक्यातले कोन दमट होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

माझ्या चार वर्षांच्या मुलीची कुल्फी दुकानाच्या दारातच काडीवरून निसटली. दुकानदार म्हणाला, "आता आमचं काय?" मी दुसरी मागितली ती चूक झाली का? — एक आई, भुसावळ

मागणं चूक नाही, हक्काने मागणं चूक. "दुसरी द्या, पैसे देते" असं आधी म्हणा. द्यायचंच असेल तर दुकानदार स्वतःहून पैसे सोडतो, नसेल तर तुमची पोरांदेखत मानहानी होत नाही.

मात्र तुमच्या पत्रातला "निसटली" हा शब्द महत्त्वाचा. साच्यातून कुल्फी सोडवायला तो कोमट पाण्यात बुडवतात. दोन-चार सेकंद जास्त झाले की बाहेरचा थर वितळतो आणि काडीभोवतीची पकडही सैल होते. हातात घेतल्या घेतल्या कुल्फी काडीवरून खाली सरकत असेल तर ती तिथेच परत द्या, दार ओलांडल्यावर नव्हे. चार वर्षांच्या पोरीला काडीची कुल्फी हवीच असेल तर एक वाटी किंवा द्रोण मागून घ्या आणि काडी वर, कुल्फी खाली अशी वाटीत उभी करून द्या. पडली तरी वाटीत पडते. आणि हुंदके देणाऱ्या पोराला गप्प करायला दुकानदार लिमलेटची गोळी पुढे करतात, ती तेव्हा देऊ नका. रडता रडता श्वास ओढला की ती घशात अडकू शकते.

अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते. बोरी नदीच्या पात्रात गोळ्याची गाडी लावतो. गोळा काडीवरून सुटून वाळूत पडला की पोरं परत येतात. गर्दीत कुणाकुणाला देऊ? — एक गोळेवाला

गोळ्यात बर्फ सगळ्यांत स्वस्त, खर्च शरबताचा आणि तुमच्या वेळेचा. म्हणून बदलताना निम्म्या आकाराचा गोळा, एकच रंग, आणि ग्लासात. रांगेत परत उभं करू नका, बाजूने द्या.

सुटण्याची कारणं तीन. लादी बर्फाच्या कारखान्यातून आल्या आल्या किसली तर कीस कोरडा, भुसभुशीत पडतो आणि त्याची मूठ बांधली जात नाही. पोत्यातून काढून 10-15 मिनिटं उघडी ठेवा, वरचा थर ओलसर चमकायला लागला की किसा. दुसरं, रंध्याचं पातं बोथट झालं की कीस न पडता खडे पडतात, आणि खड्यांचा गोळा काडी धरत नाही. यात्रेच्या दिवसांत पातं रोज सकाळी लावून घ्या. तिसरं, काडी. ती गोळ्याच्या आत निदान पाच-सहा सेंटीमीटर गेली पाहिजे. आधी साच्यात निम्मा कीस दाबायचा, काडी ठेवायची, वर उरलेला कीस घालून पुन्हा दाबायचं. मग शरबतात बुडवायचा तो एक-दोन सेकंदच. पोरं "अजून रंग, अजून रंग" करतात, पण शरबत बर्फ आतून पोखरत जातं आणि तिसऱ्या बुडीनंतर गोळा घरापर्यंत पोचत नाही. जास्त रंग हवा त्याला ग्लास द्या. पाच वर्षांच्या आतल्या पोराला तर काडी देऊच नये. यात्रेच्या रेट्यात काडी तोंडात धरून धावणारं पोर पडलं तर गोळ्यापेक्षा मोठं नुकसान होतं.

बर्फ खाण्याचाच घ्या, हे वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती 2018 पासून आहे. निळसर लादी स्वस्तात मिळाली तरी गाडीवर चढवायची नाही.

आमच्या वेळी पडलेली गोळी फुंकर मारून तोंडात टाकायचो. नातू म्हणतो, पाच सेकंदांच्या आत उचललं तर चालतं. खरं का? — एक आजोबा, शिरपूर

नातवाचं घड्याळ चुकलं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये याच समजुतीवर प्रयोग प्रसिद्ध केले. कलिंगड, पाव, लोणी लावलेला पाव आणि चिवट गोळी असे चार पदार्थ त्यांनी स्टील, टाइल, लाकूड आणि गालिचा यांवर टाकून पाहिले, एका सेकंदाहून कमी वेळापासून पाच मिनिटांपर्यंत. वेळ वाढला की जंतू जास्त चिकटतात हे खरं, पण काही जंतू एका सेकंदाच्या आतही चढतात. ओलाव्याने सगळ्यांत जास्त फरक पडला: कलिंगडावर सर्वांत जास्त जंतू चढले, गोळीवर सर्वांत कमी. गंमत म्हणजे गालिच्यावरून ते टाइल आणि स्टीलपेक्षा कमी चढले.

तेव्हा आइस्क्रीम, कुल्फी, कापलेलं फळ पडलं की विषय संपला. वरचा थर चमच्याने काढून खाली "चांगलं" उरतं हेही खोटं, वितळलेला ओघळ घाण आतपर्यंत नेतो. कडक कोरडी गोळी घरातल्या स्वच्छ फरशीवर पडली तर धुऊन घेता येईल. बस स्टँडवर पडली तर नको, आजोबा.

किराणा दुकानात फ्रीझर आहे. पोरं स्वतः चोकोबार काढतात, पैसे द्यायच्या आधीच पाडतात. तो परत ठेवावा का? आणि फरशीवरचा चिकटा जातच नाही. — एक वाचक, नंदुरबार

वेष्टन शाबूत असेल तर पुसून लगेच परत ठेवा. आत चॉकलेटचं कवच तडकलं तरी माल खराब होत नाही, फक्त दिसायला ओबडधोबड होतो. घेणाऱ्याला तसं सांगून द्या. वेष्टन फाटलं किंवा कांडी हाताला मऊ लागली तर टाकून द्या. वितळून पुन्हा गोठलेल्या आइस्क्रीममध्ये बर्फाचे कण होतात, आणि मधल्या वेळात जंतूंना वाव मिळतो तो वेगळाच. पैशांचं म्हणाल तर माल तुमच्याच मालकीचा असताना पडलाय, पण निष्काळजीपणा त्यांचा आहे. पहिल्यांदा सोडून द्या आणि फ्रीझरचं झाकण पोरांच्या हाताला लागणार नाही असं फिरवून ठेवा.

चिकटा जात नाही, कारण आधी पोछा मारता. त्याने साखर-तूप फरशीभर पसरतं. पहिल्यांदा पुठ्ठ्याने किंवा सुपलीने सगळं खरवडून उचला. मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब टाकून तेवढीच जागा घासा, साध्या पाण्याने एकदा पुसा आणि कोरड्या फडक्याने टिपा. शहाबादी फरशीच्या सांध्यांत साखर राहिली की संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागते, तिथे जुना दात घासायचा ब्रश फिरवा. ओली फरशी वाळेपर्यंत तिथे स्टूल आडवं टाका, नाहीतर पुढचं पोर घसरून त्याचाही कोन जाईल.