मुलगी म्हणते मॉरिशसला गेलेल्यांवर काम करायचंय, आईला काळजी पोटापाण्याची

कुडाळहून एका ताईंचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. मुलगी मुंबईत जेजेला (जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यांच्या घराण्यातले, म्हणजे मुलीच्या खापरपणजोबांचे एक चुलते, इंग्रजांच्या काळात ऊसमळ्यावर मजूर म्हणून मॉरिशसला गेले ते परत आलेच नाहीत, घरात आता फक्त नाव उरलंय. मुलगी म्हणते मला यावरच काम करायचंय, मी मल्टिडिसिप्लिनरी आर्टिस्ट होणार, आणि त्यासाठी लंडनला एमए करायचं. नातेवाईक म्हणतात एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) केलं असतं तर एव्हाना शाळेत ड्रॉइंग टीचर म्हणून लागली असती. ताई विचारतात की हे काम नक्की असतं काय, यात पैसे कुठून येतात, आणि घर नि काजूची बाग तारण ठेवून कर्ज काढावं का.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आत्ता बाग तारण ठेवू नका. मुलीचा विषय चांगला आहे, खूपच चांगला आहे, पण त्याचं पहिलं काम लंडनमध्ये नाहीये, मुंबईत आणि तुमच्या गावात आहे.

आता हे काम असतं काय. यात माणूस आधी विषय धरतो आणि मग त्या विषयाला जे लागेल ते माध्यम घेतो, चित्र, शिल्प, कापड, व्हिडिओ, आवाज, कविता, काहीही. यिंका शोनिबारे म्हणून मोठे कलाकार आहेत, जन्म लंडनचा, वाढले नायजेरियात लागोसला, पुन्हा लंडनला आले. ते ज्या रंगीबेरंगी कापडात काम करतात ते बघून कोणीही म्हणेल हे आफ्रिकेचं कापड. पण ती छपाईची पद्धत मूळची इंडोनेशियाची बाटिक (मेण लावून कापड रंगवायची कला), डच लोकांनी तिची नक्कल कारखान्यात काढली, आणि तो माल खपला पश्चिम आफ्रिकेत, इतका की तीच तिथली ओळख होऊन बसली. म्हणजे एका कापडात तीन खंडांचा व्यापार आणि साम्राज्य. २०१० मध्ये त्यांनी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात एक प्रचंड बाटली उभी केली, आत इंग्रजांचा आरमारी सेनापती नेल्सन याचं जहाज आणि त्याला शिडं याच कापडाची. नेल्सनच्या पुतळ्याच्या समोर! हे मी एवढं लांबण लावून सांगतेय कारण तुमच्या मुलीने यातून शिकायची गोष्ट हीच आहे की त्या कलाकाराकडे आधी एक वस्तू होती आणि त्या वस्तूचा इतिहास त्याला नीट माहीत होता. 'आयडेंटिटी'वर काम करतो असं म्हणून भागत नाही.

तिच्या विषयाच्या अजून जवळचे लोक आहेत. सुचित्रा मट्टाई या दक्षिण अमेरिकेतल्या गयानात जन्मलेल्या, आता अमेरिकेत असतात, पूर्वज भारतातून ऊसमळ्यावर गेलेले. त्या बायकांच्या नेसून जुन्या झालेल्या साड्या जमवून त्या विणून भिंतीएवढ्या कलाकृती करतात. ऑस्ट्रेलियातल्या संचिंत्य मोहिनी सिम्पसन यांचे पूर्वज दक्षिण आफ्रिकेत नाताळ नावाच्या प्रांतातल्या ऊसमळ्यांवर नेलेले, त्या मळ्यांवरच्या मजूर बायकांची छोटी छोटी चित्रं काढतात, शिवाय व्हिडिओ आणि कविताही. झरीना भिमजींचं घर युगांडातलं, तिथल्या हुकूमशहा इदी अमीनने भारतीय वंशाच्या लोकांना हाकलल्यानंतर ब्रिटनला गेलं, त्यांनी भारत आणि आफ्रिका यांच्यामधल्या समुद्रावरच्या व्यापार-स्थलांतरावर फिल्म केली २०११ मध्ये, आणि तिचं काही शूटिंग मुंबई बंदराच्या जुन्या ऑफिसांमधलं आहे. म्हणजे बाहेरचे लोक सामग्री शोधत मुंबईला येतात आणि तुमची मुलगी मुंबईतच बसलीये.

आणि एक फरक तिला स्पष्ट सांगा (किंवा हे पत्र वाचायला द्या). मट्टाई, सिम्पसन आणि भिमजी या तिघीही देश सोडून गेलेल्यांच्या घरातल्या आहेत. ती तशी नाहीये. ती मागे राहिलेल्यांच्या घरातली आहे. परदेशी अर्जात शोभतं म्हणून तिने स्वतःला डायस्पोरा (म्हणजे परदेशी जाऊन वसलेल्यांपैकी) म्हणवून घेऊ नये, ते खोटं पडेल आणि शिवाय त्यात तिचंच नुकसान आहे, कारण तिच्याकडे जी बाजू आहे ती मला जास्त मोलाची वाटते. माणूस गेला तेव्हा घरी कोण होतं, त्याच्या वाटणीच्या जमिनीचं काय झालं, त्याच्या बायकोचं काय झालं, ती कुणाच्या आधाराने राहिली, तिच्याबद्दल घरात कुणी काही बोलतं का. हे मॉरिशसच्या नोंदींमध्ये मिळणार नाही, ते तुमच्या घरात, शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांकडे आणि जुन्या कागदांत आहे.

थोडा इतिहास तुमच्यासाठी. गुलामी बंद होणार हे ठरल्यावर मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून कराराने माणसं न्यायला सुरुवात झाली. मॉरिशसमध्ये २ नोव्हेंबर १८३४ हा त्याचा दिवस मानतात, पहिली तुकडी कलकत्त्याहून आली, ३६ माणसं. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख लोक तिथे उतरले. बहुतेक बिहारकडचे, तमिळ-तेलुगू मुलखातलेही बरेच, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले. पोर्ट लुईला जिथे उतरवायचे तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. तिथली मराठी मंडळी आजही गणपती बसवतात, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. आणि मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांची रजिस्टरं जपलीत, त्यात नंबर, नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज असं सगळं, आणि १८६० च्या दशकापासून पुढच्या बऱ्याच जणांचे फोटोसुद्धा. म्हणजे तुमच्या घरच्या माणसाची नोंद सापडूही शकते. नाही सापडली तरी काम अडत नाही.

तर पुढच्या वर्षभरात तिने काय करावं. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं भांडार आहे, जेजेपासून चालत जाण्यासारखं, विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जावं आणि एकोणिसाव्या शतकातले मजूर पाठवणीचे कागद मागावेत. पहिले काही दिवस काहीच हाती लागणार नाही, धूळ आणि इंग्रजांचं वळणदार अक्षर, तरी बसावं. मोडी शिकावी, हे मी अगदी आग्रहाने सांगतेय, कारण तुमच्या घरचे जुने कागद असतील तर ते मोडीतच असणार आणि ते वाचता येणारा शिल्पकार मला तरी दुसरा भेटलेला नाही. आणि या सगळ्यातून एकच काम पुरं करावं. दहा कल्पनांचं पीपीटी नको, एक पूर्ण झालेलं काम, लोकांनी येऊन बघितलेलं, मग ते कुडाळच्या शाळेच्या हॉलमध्ये का मांडलेलं असेना.

एक सांभाळायचं मात्र. मॉरिशसच्या रजिस्टरांमधले ते फोटो त्या माणसांनी हौसेने काढून घेतलेले नाहीत, ओळख पटवायला उभं करून काढलेत. ते मोठे करून भिंतीवर लावले की लोक हळहळतात, पण त्या माणसाला दुसऱ्यांदा नंबर बनवल्यासारखं होतं. त्यांचे वंशज तिकडे आहेत, त्यांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

आता पैसे. खरं सांगायचं तर व्हिडिओ आणि इन्स्टॉलेशन (अख्ख्या जागेत मांडलेली कलाकृती) विकत घेणारे आपल्याकडे थोडे, सुरुवातीची पाच-सात वर्षं यावर घर चालत नाही. यातले लोक ग्रँट, रेसिडेन्सी (एखादी संस्था कलाकाराला काही काळ बोलावून काम करू देते ती) आणि जोडीला एखादी नोकरी यावर उभे राहतात. केंद्र सरकारच्या सीसीआरटी या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची तरुण कलाकारांसाठी स्कॉलरशिप आहे, वय १८ ते २५, दोन वर्षं महिना ५,००० रुपये. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स संशोधनासाठी पैसे देतं आणि अर्ज मराठीत केला तरी चालतो, हे मुलांना माहीतच नसतं. इनलॅक्स फाउंडेशनचे तरुण कलाकारांचे पुरस्कार, दिल्लीच्या खोज या कलासंस्थेची रेसिडेन्सी, कोचीच्या बिएनालेचा (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनाचा) विद्यार्थ्यांचा विभाग, हे सगळं तिने पाहून ठेवावं. नोकरी म्हणाल तर म्युझियममध्ये, प्रदर्शनं उभारणाऱ्यांकडे, सिनेमा-सिरियलच्या आर्ट डिपार्टमेंटमध्ये, शाळांमध्ये. शिल्पकलेच्या मुलांच्या हाताला काम असतं, तिथे ती पेंटिंगवाल्यांपेक्षा बरी. आणि शाळेत शिकवणं म्हणजे हरणं असं तिने अजिबात समजू नये, कितीतरी चांगले कलाकार आयुष्यभर शिकवत आलेत.

लंडनचं नंतर. तिकडे वर्षाची फी आणि राहणं मिळून पंचवीस-तीस लाखांच्या पुढेच जातं आणि परत आल्यावर हप्ता फेडेल असा पगार या क्षेत्रात लगेच मिळत नाही. दोन वर्षांनी हातात एक-दोन पुरी कामं घेऊन स्कॉलरशिपला अर्ज करू दे, पूर्ण मिळाली तर जरूर जाऊ दे, अर्धीमुर्धी मिळाली तर पुन्हा लिहा, आकडे घेऊन बसू.

तुमच्याकडून एकच हवंय. मे महिन्यात ती घरी येईल तेव्हा तिला घेऊन मोठ्या जाऊबाईंकडे जा, तुम्हीच लिहिलंय की त्यांना जुन्या गोष्टी माहीत आहेत आणि त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि त्यांना बोलू द्या. ते लंडनच्या अर्जाच्या आधी व्हायला हवं.